भिंगारदिवे बाई आणि पळपुटा नवरदेव

आमच्या हौशी नाट्यमंडळात कोण सुरात गातं हे चहाच्या रंगावरून कळायचं. भिंगारदिवे बाई तालमीला दोन थर्मास घेऊन येत. एकात आलं घातलेला दुधाचा चहा, दुसऱ्यात कोरा. सुरात गाणाऱ्याला दुधाचा, बेसुऱ्याला कोरा. त्यावर चर्चा नाही, अपील नाही. मी सलग अकरा आठवडे कोरा प्यायलो. बाराव्या आठवड्यात बाईंनी माझ्या कपात दोन घोट दुधाचा चहा ओतला, तेव्हा मी घरी जाऊन बायकोला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, "थर्मासात उरला असंल."

बाई गाण्याच्या शिक्षिका नव्हत्याच. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या शहराचं नाव आता कागदावर अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी नगरच बसलंय, आणि त्या नगरमधल्या निम्म्या बायका अजूनही रस्त्यात बाई दिसल्या की आधी पदर सारखा करतात. गाणं त्यांच्याकडे चर्चमधून आलं होतं. चाळीस वर्षं दर रविवारी उपासनेला पेटी वाजवायला त्याच. क्वायर त्यांची, लग्नातली गीतं त्यांची, दफनविधीची गीतंही त्यांचीच. अंगानं काडीसारख्या, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात क्रोशाची सुई. तालीम चालू असताना त्या रुमालाची नक्षी विणत बसायच्या. सूर बरोबर असेल तोवर सुई चालायची. कुणी घसरलं की सुई थांबायची. वर बघायच्याही नाहीत. सुई थांबली की सगळं मंडळ गप्प होऊन एकमेकांकडे चोरासारखं बघायचं.

आम्ही त्यांना बोलावलं होतं ते एका आधुनिक एकांकिकेच्या पार्श्वसंगीतासाठी. त्यात दोन माणसं एका बाकावर बसून काहीच बोलत नाहीत. बाईंनी सगळं वाचन शांतपणे ऐकून घेतलं, रुमालाची एक पूर्ण बाजू विणली आणि विचारलं, "यात कुणी गात का न्हाई?"

"बाई, ते आधुनिक आहे," आमचे अध्यक्ष म्हणाले.

"मग मला कशाला बोलावलं?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. 'संगीत वरपलायन.' वाचनालयात रद्दीला निघालेल्या ढिगातून त्यांनी हे पुस्तक वाचवलं होतं. शेवटचं कुणी नेलं त्याचा शिक्का इतका जुना की शाईसुद्धा उडून गेलेली. नाटक पूर्वी कधी झालं, कुणी केलं, कुणालाही माहीत नव्हतं. गोष्ट सोपी: शिकलेल्या नवरीच्या धाकानं एक नवरदेव बोहल्यावरून पळून जातो, गावभर लपत फिरतो आणि शेवटी धान्याच्या कणगीत सापडतो. पदं एकोणीस. त्यांच्या मधले संवाद एका पोस्टकार्डावर मावतील एवढे. हे मी पोस्टात तीस वर्षं काढल्यामुळे खात्रीनं सांगू शकतो.

आम्हाला खरं तर लाज वाटली. पण अध्यक्षांच्या बायकोला बाईंनी गणित शिकवलेलं होतं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

नवरदेव कोण, यावर वाद झाला नाही. आमच्यात गळा एकट्या काकड्यांना. काकडे साखर कारखान्यावर वजनकाट्याचे क्लार्क. पोट भलं मोठं, आवाज लोण्यासारखा, दोष एकच: विनोदी ओळ आली की लोकांच्या आधी तेच हसायचे. बाईंना ते अजिबात चालायचं नाही.

"काकडे, हसायचं काम लोकांचं. तुमचं न्हाई."

"पन बाई, ओळच तशी हाय! आता मांडव मागं लागला म्हटल्यावर..."

"तुमच्या मागं मांडव लागला तर तुम्ही हसाल? घाबराल. घाबरून सोळा मात्रांत गायचं. साडेपंधरा नको, साडेसोळा नको."

गाणं बाईंच्या लेखी गणितच होतं. समेवर येणं म्हणजे उत्तर जुळणं. तान लांबली की त्या "हातचा राहिला" म्हणायच्या. काकड्यांना घरी सराव व्हावा म्हणून त्या मोबाईलवर स्वतः गाऊन पाठवायच्या, चार-चार मिनिटांचं एकेक. मधेच "नवले, तुम्हीही ऐका," असा मला दम. मोबाईलवर बाई नेहमी ओरडून गात, कारण कारखाना राहुरीकडं, म्हणजे लांब आहे असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा काकड्यांनी हे गाणं काट्यावर बसून ऐकायला लावलं आणि फोन नेमका ट्रॅक्टरचे नंबर पुकारायच्या माईकपुढं राहिला. ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची रांग अर्धा मैल. त्या सगळ्या रांगेनं बाईंचं पद ऐकलं, आणि काकडे फोन बंद करायला धावले तर ड्रायव्हर लोक ओरडले, "आरं लाव की पुन्हा! लई भारी हाय!" आठवडाभरात ड्रायव्हरांचं पद पाठ झालं. काकड्यांचं नव्हतं. हे बाईंना कळलं तेव्हा त्यांनी काकड्यांना कोरा चहा दिला आणि ड्रायव्हरांना नाटकाचं आमंत्रण.

सगळं जुळत आलं, पण शेवटचं पद अडलं. नाटकातलं सगळ्यात मोठं पद तेच. कणगीत लपलेला नवरदेव आतूनच आपली कर्मकहाणी गातो. आधी अगदी संथ, रडवेला, आणि मग पळाल्याची आठवण येईल तशी लय वाढत जाते. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात चाल छापलेली असते, म्हणजे त्या काळी लोकांना पाठ असलेल्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ. या पदावर छापलं होतं: 'चाल – साळू गं, ऊठ बाई.' आता ही साळू कोण आणि ती कशी उठायची, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बाई कर्जतपर्यंत जाऊन तिथल्या म्हाताऱ्या भजनी मंडळाला विचारून आल्या. अकोले तालुक्यातल्या एका आजीबाईंनी साळूची म्हणून एक ओवी ऐकवली, ती दुसऱ्याच साळूची निघाली. मी म्हणालो, "बाई, नवी चाल लावा की." बाईंनी सुई थांबवली. "नवले, पुस्तकात उत्तर दिलेलं असताना आपल्या मनानं लिहायचं?"

आणि एक दिवस भर दुपारी मला बाईंचा फोन आला. मी पोस्टात काऊंटरवर होतो.

"नवले, सापडली!"

"कोण सापडली?"

"साळू! मी कबरस्थानात आहे!"

रांगेतल्या चार माणसांनी माझ्याकडं बघितलं. झालं होतं असं की बाई एका दफनविधीला पेटीवर होत्या. 'पैलतीरीं दीप लाविला' हे त्यांच्या मंडळीत माणूस पुरताना गायचं गीत. चाळीस वर्षं पाठ असल्यानं त्यांनी पुस्तक कधी उघडलंच नव्हतं. त्या दिवशी शेजारच्या बाईंना पान काढून द्यायला म्हणून उघडलं, आणि गीताच्या डोक्यावर बारीक अक्षरात दिसलं: 'चाल – साळू गं, ऊठ बाई.' मिशनच्या जुन्या गीतांनाही अशाच लोकांच्या तोंडच्या चाली लावलेल्या असत. बाईंच्या तोंडून भर दफनविधीत "अगं बाई गं!" असं निघालं. मयताच्या नातेवाइकांना वाटलं, बाईंना दुःख आवरलं नाही. त्यांनी बाईंना पाणी दिलं.

त्या संध्याकाळी बाईंनी ती चाल आधी संथ वाजवली. अंगावर काटा आला. मग हळूहळू लय तिप्पट केली आणि काकड्यांना खूण केली. काकडे गायले:

*पळतो मी पळतो, वाट फुटंल तिकडं पळतो,*
*मांडव माझ्या मागं लागला, मुंडावळ्यांत अडकून पडतो!*

एकेक अक्षर जागच्या जागी बसलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा," त्या म्हणाल्या, "उत्तर जुळलं." त्या दिवशी सगळ्यांना दुधाचा चहा मिळाला. मलासुद्धा.

ही बातमी चर्चमध्ये पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पाटोळे मामा बाईंच्या घरी आले. पाटोळे मामा म्हणजे चर्चच्या पंच कमिटीचे प्रमुख, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हातात काठी, बोलणं मोजकं. मी नाटकाच्या वह्या द्यायला गेलो होतो तो तिथंच अडकलो.

"सलाम, बाई."

"सलाम, मामा. बसा."

मामा बसले नाहीत. "आमच्या मढ्यावरचं गीत तुमी तमाशात लावलं म्हनं."

"तमाशा नव्हे, संगीत नाटक. आणि गीत नाही लावलं, चाल लावली." बाईंनी दोन्ही पुस्तकं त्यांच्यापुढं ठेवली, गणिताची वही तपासायला द्यावी तशी. "हे बघा. चाल आपली नव्हतीच. आपल्या जुन्या लोकांनी बाहेरून घेतली होती. साळूची आहे ती."

मामांनी पुस्तकाकडं बघितलंसुद्धा नाही. "घेतली तवा घेतली आसंल, बाई. आता तिच्यात आमची मानसं पुरलीत. माझी कारभारीण मार्था गेली तवा तुमीच वाजवलंत. आता म्या ते गीत आयकलं की मला कनगीतला नवरदेव दिसायचा का?"

बाईंनी दोन्ही पुस्तकं मिटून एकावर एक ठेवली. त्या म्हणाल्या, "मामा, मी हे पद प्रयोगात ऐकल्याशिवाय मरणार नाही. तुम्हाला जे करायचं ते करा."

मामांनी केलं. पुढच्या बैठकीत ठराव झाला: नाटकात ते पद गायलं तर बाईंनी पेटी सोडायची. चाळीस वर्षांची क्वायर एका बाजूला आणि एक पळपुटा नवरदेव दुसऱ्या बाजूला. काकडे बाईंना म्हणाले, "बाई, पद गाळू. नवरदेव आपला गपचूप कनगीतून भाईर यील. काय बिघडतंय?" बाई म्हणाल्या, "मग कशाला पळाला तो?" आणि विणायला लागल्या. पण त्या दिवशी मी नीट पाहत होतो. सगळे सुरात गात असताना दोनदा सुई थांबली होती.

प्रयोग रविवारी संध्याकाळी सहाला ठेवला. हॉल भरला. एकीकडं आमच्या घरची माणसं, मागं ऊस वाहणाऱ्या ड्रायव्हरांच्या दोन रांगा, आणि मधे बाईंच्या चर्चची मंडळी. काय होतंय ते बघायला सगळीच आली होती. पाचव्या रांगेत कडेला पाटोळे मामा, काठीवर दोन्ही हात ठेवून. मला वरातीतल्या बँडवाल्याचं काम होतं, पिपाणी वाजवल्यासारखं करायचं, त्यामुळे मला रंगमंचावरून प्रेक्षक छान दिसत होते. अठरा पदं झाली. ड्रायव्हरांनी त्यांना पाठ असलेल्या पदाला शिट्ट्या मारल्या. मग काकडे कणगीत शिरले आणि विंगेत बसलेल्या बाईंनी पेटीवर 'साळू'चे पहिले संथ सूर धरले.

पाटोळे मामा उठून उभे राहिले.

मला वाटलं, आता निषेध होणार. पण तसं काही नव्हतं. त्या गीताला बसून राहायची त्यांच्यात पद्धतच नाही. मामांच्या पायांनी मामांना न विचारता उभं केलं होतं. त्यांच्या मागं सगळी मंडळी उठली, टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या. ते बघून बाकीच्यांना वाटलं, ही काहीतरी उभं राहायची गोष्ट आहे, म्हणून आमच्या घरचेही उठले. पहिल्या रांगेतले नगरसेवक तर हात शरीराला चिकटवून सावधान उभे राहिले. मागं ड्रायव्हर उठले. अख्खा हॉल गंभीर चेहऱ्यानं उभा, आणि कणगीतून काकड्यांचा रडवेला, खोल आवाज आला, "पळतो मी... पळतो..."

काकडे कणगीच्या फटीतून सगळं बघत होते. एरवी हा माणूस दोन ओळींपूर्वीच हसला असता. पण इतकी माणसं आपल्यासाठी उभी राहिलेली बघून त्यांची हसायची हिंमतच गेली असावी. असे घाबरून, असे सोळा मात्रांत ते जन्मात गायले नसतील. लय वाढली. 'मुंडावळ्यांत अडकून पडतो' आलं आणि मागून एक ड्रायव्हर फुटला. मग आमच्या बायका. मग नगरसेवक, सावधानमध्येच. मी मामांकडंच बघत होतो. त्यांनी मान खाली घातलेली, खांदे हलत होते. हसत होते की रडत होते ते मला तेव्हा कळलं नाही. पद संपलं तेव्हा सगळा हॉल उभाच होता, त्यामुळे टाळ्यांना कुणाला वेगळं उठावं लागलं नाही.

पडदा पडल्यावर मामा काठी टेकत विंगेत आले. बाई पेटीचा भाता बंद करत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"बाई," मामा म्हणाले, "आमची मार्था आज लई हसली आसती."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मीही पिपाणी ठेवून दिली आणि उगाच दिव्यांच्या वायरी बघत राहिलो. मला रडू येत होतं आणि मिशी चिकटवलेली होती.

आता कुणालाही वाटेल की ठराव मागं घेतला असेल. तसं झालं नाही. पुढच्या रविवारी बाईंनी मला रिक्षा घेऊन चर्चच्या दाराशी यायला सांगितलं होतं. चर्चमधली पेटी बाईंच्या स्वतःच्या मालकीची, ती घरी न्यायची होती. मी पोचलो तर उपासना चालू होती. दारातून आत डोकावलो. त्यांच्याकडं बायका डावीकडं बसतात, पुरुष उजवीकडं. पेटीवर नवीन सूनबाई कुणीतरी, सुरांमागं धापा टाकत. बाई डावीकडच्या शेवटच्या बाकावर, हात मांडीवर रिकामे. आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या बसलेल्या. ते रिकामे हात बघून मला त्या सगळ्या नाटकाचाच राग आला.

तेवढ्यात उजवीकडून पाटोळे मामा उठले. मधली वाट ओलांडून सावकाश डावीकडं आले आणि बायकांच्या बाकावर बाईंच्या शेजारी बसले. पाळकसाहेब वचन वाचता वाचता थांबले. सगळ्या माना वळल्या.

"मामा, हे काय?" बाई कुजबुजल्या. ती कुजबुज मला दारात ऐकू आली.

"ठराव लिहून झालाय, बाई. आमच्यात एकदा लिवलं की सहा म्हैने फिरवता येत न्हाई, आन तो नियम मीच केल्याला हाय. मंग म्या हितं बसतो. सहा म्हैने."

"लोक काय म्हणतील?"

"म्हनू द्या. तुमी नीट गा, म्या तुमच्या मागून म्हनतो."

उपासना संपली. पेटी आम्ही रिक्षात ठेवली. बाई एका बाजूला बसल्या, मामा न विचारता दुसऱ्या बाजूला, पेटी मधे, दोघांचेही हात तिच्यावर, वाटेत हिंदकळू नये म्हणून. रिक्षा निघाली, मी मागून स्कूटरवर. चितळे रोडच्या गर्दीत मला फक्त दोघांची डोकी दिसत होती. मामा मोठ्यानं, अगदी बेसूर, नवरदेवाचं पद म्हणत होते, आणि बाई त्यांना एकेक ओळ परत म्हणायला लावत होत्या.